विश्लेषण : ‘सगळ्यात सोपा’ म्हणून विकला जाणारा निळा डॅमसेल मासा घरच्या खाऱ्या टाकीत का तगत नाही?

विजेच्या ठिणगीसारखा निळा रंग, अंगठ्याएवढा आकार आणि खाऱ्या पाण्यातल्या इतर माशांच्या तुलनेत कमी किंमत. यामुळे घरात पहिल्यांदा समुद्री टाकी लावणाऱ्याला दुकानात बहुतेक वेळा डॅमसेल मासाच सुचवला जातो. ‘हा काहीही सहन करतो’, अशी हमीही मिळते. प्रत्यक्षात आठवडाभरात मासा पाण्यावर तरंगतो, किंवा तो जगतो आणि टाकीतल्या बाकीच्या माशांना जगू देत नाही. असे का होते, या माशाला नेमके काय लागते, तो येतो कुठून आणि कायदा काय सांगतो, याचा हा आढावा.

डॅमसेल म्हणजे नेमका कोणता मासा?

डॅमसेल ही एक जात नसून माशांचे मोठे कुळ आहे. त्यात सुमारे ४०० जाती आहेत. बहुतेक जाती उष्ण समुद्रातील प्रवाळ आणि खडकांच्या आसऱ्याने राहतात. ‘निमो’ या नावाने घराघरात पोहोचलेला केशरी-पांढरा क्लाउनफिशही याच कुळातला. मात्र दुकानात ‘डॅमसेल’ म्हटले की क्लाउनफिश सोडून उरलेले छोटे मासे समजले जातात.

भारतीय बाजारात त्यातले चार-पाच प्रकार नेहमी दिसतात. निळ्या अंगाचा आणि पिवळ्या शेपटीचा ‘यलोटेल’, संपूर्ण निळा ‘ब्लू डॅमसेल’, पांढऱ्या अंगावर तीन काळे पट्टे असलेला ‘थ्री स्ट्राइप’, काळ्या अंगावर तीन पांढरे ठिपके असलेला ‘डोमिनो’ आणि हिरवट झाक असलेला, थव्याने राहणारा ‘ग्रीन क्रोमिस’. यलोटेल जेमतेम सात सेंटिमीटरपर्यंत वाढतो. डोमिनो दुकानात दोन सेंटिमीटरचा आणि गोजिरवाणा दिसत असला तरी पूर्ण वाढल्यावर १४ सेंटिमीटरपर्यंत जातो आणि स्वभावाने कुळातल्या सर्वात तापट माशांपैकी एक होतो. पाचही मासे एकाच काचेत, एकाच ओळीत आणि जवळपास एकाच भावात ठेवलेले असल्याने हा फरक गिऱ्हाइकाला सहसा कळत नाही.

ब्लू डॅमसेलचा निळा रंग हा रंगद्रव्याचा नसतो. त्याच्या त्वचेतील पेशींमध्ये ग्वानिन नावाच्या पदार्थाच्या अतिशय पातळ चकत्या थरांनी रचलेल्या असतात. त्यांवरून परावर्तित होणारा प्रकाश निळा दिसतो. मासा घाबरला की हा रंग काही क्षणांत काळपट होतो. दुकानातल्या टाकीत कोपऱ्यात काळवंडून बसलेला मासा वेगळ्या जातीचा असेलच असे नाही. तो भेदरलेला असू शकतो.

‘नवशिक्यांचा मासा’ ही ओळख कशी मिळाली?

डॅमसेल काटक आहेत, हे खरे. पाण्यातील क्षारता, तापमान किंवा घाण यांतील चढउतार ते अनेक समुद्री माशांपेक्षा जास्त सोसतात. समोर आलेले कोरडे खाद्यही लगेच खातात. या गुणामुळे मासेपाळीच्या जगात एक पद्धत रूढ झाली. नवी टाकी लावायची, त्यात दोन-तीन स्वस्त डॅमसेल सोडायचे आणि त्यांच्या विष्ठेवर टाकीतील उपयुक्त जिवाणू वाढू द्यायचे. टाकी स्थिर झाली की मग महागडे मासे आणायचे. मधल्या काळात डॅमसेल मेले तरी नुकसान थोडेच, असा हा हिशेब.

म्हणजे ‘सोपा मासा’ याचा मूळ अर्थ ‘पाळायला सोपा’ असा नव्हता. ‘मेला तरी चालेल’ असा होता. हीच ओळख पुढे नवशिक्यांसाठीची शिफारस म्हणून चिकटली. नीट ठेवलेला डॅमसेल टाकीत दहा वर्षांहून अधिक जगू शकतो, ही बाब मात्र विक्रीच्या वेळी क्वचितच सांगितली जाते.

खाऱ्या पाण्याची टाकी गोड्या पाण्यापेक्षा अवघड का?

पहिले कारण अमोनिया. माशाच्या विष्ठेतून, कल्ल्यांतून आणि उरलेल्या खाद्यातून पाण्यात अमोनिया तयार होतो. पाण्यात तो दोन रूपांत असतो. त्यातले एक फारसे घातक नाही, दुसरे थेट कल्ले जाळते. कोणत्या रूपाचे प्रमाण किती, हे मुख्यतः पाण्याच्या पीएचवर ठरते. पीएच ७ असलेल्या गोड्या पाण्यात २५ अंश तापमानाला घातक रूपाचा वाटा साधारण अर्धा टक्का असतो. समुद्राच्या पाण्याचा पीएच ८.२ च्या आसपास असल्याने हाच वाटा सात टक्क्यांच्या घरात जातो. म्हणजे तेवढाच अमोनिया खाऱ्या टाकीत दहापटीहून अधिक विषारी ठरतो. गप्पीच्या टाकीत खपून जाणारे जास्तीचे खाद्य इथे खपत नाही.

दुसरे कारण प्राणवायू. पाणी जितके खारे आणि जितके गरम, तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो. एकाच तापमानाला समुद्राच्या पाण्यात गोड्या पाण्याच्या तुलनेत प्राणवायू जवळपास पाचव्या हिश्शाने कमी असतो. त्यामुळे वीज गेली आणि पाण्याची हालचाल थांबली की खाऱ्या टाकीतले मासे आधी धापा टाकू लागतात.

तिसरे कारण स्थैर्य. प्रवाळाजवळच्या समुद्रात क्षारता आणि तापमान दिवसभरात फार बदलत नाही. ५० लिटरच्या टाकीत मात्र एका दुपारच्या उन्हानेही ते बदलते. ‘छोटा मासा, म्हणून छोटी टाकी’ हा तर्क येथे उलटा पडतो. पाणी जितके कमी, तितकी चूक लवकर महागात पडते. एका यलोटेलसाठीसुद्धा ७५ ते १०० लिटरची टाकी ही सुरुवात मानली जाते. काचेचे गोल भांडे तर विचारातही घेऊ नये.

‘सायकलिंग’ म्हणजे काय आणि ते माशाविना कसे करतात?

टाकीतील वाळू, दगड आणि फिल्टर यांवर दोन प्रकारचे जिवाणू वस्ती करतात. पहिला प्रकार अमोनियाचे नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचे नायट्रेट. नायट्रेट तुलनेने निरुपद्रवी असते आणि ते पाणी बदलून कमी करता येते. ही जिवाणूंची साखळी उभी राहण्यास साधारण चार ते सहा आठवडे लागतात. यालाच सायकलिंग म्हणतात.

जिवाणूंना अमोनिया हवा असतो. तो माशाकडूनच आला पाहिजे असे नाही. रिकाम्या टाकीत रोज चिमूटभर खाद्य टाकून, कोळंबीचा तुकडा कुजू देऊन किंवा शुद्ध अमोनियाचे मोजके थेंब घालूनही हेच काम होते. बाजारात जिवाणूंच्या बाटल्याही मिळतात. त्यामुळे वेळ कमी होऊ शकतो, पण चाचणी टळत नाही. टेस्ट किटवर अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य आणि नायट्रेट दिसू लागले, म्हणजे टाकी तयार झाली. अमोनिया घातल्यानंतर २४ तासांत तो पुन्हा शून्यावर येतो का, हे पाहिले की खात्री पटते.

शनिवारी टाकी घ्यायची आणि रविवारी मासे सोडायचे, हा घरोघरीचा क्रम आहे. पहिल्या आठवड्यात मासे मरण्याचे ते एक प्रमुख कारण. पाणी काचेसारखे स्वच्छ दिसत असते आणि मासा अमोनियाने गुदमरत असतो. डोळ्यांना दिसणारी स्वच्छता आणि पाण्याची रासायनिक स्थिती यांचा संबंध नाही.

इतका छोटा मासा इतका भांडखोर का?

कारण समुद्रात त्याचे पोट त्याच्या हद्दीवर चालते. अनेक डॅमसेल खडकाचा वा प्रवाळाचा एक तुकडा आपला मानतात आणि आपल्यापेक्षा कितीतरी मोठ्या माशांनाच नव्हे, पाणबुड्यांनाही चावून हुसकावतात. काही जाती आपल्या हद्दीत शेवाळाची अक्षरशः शेती करतात. नको असलेले शेवाळ उपटून फेकतात आणि हवे ते राखतात. बेलिझ येथील प्रवाळांवर झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तर एका जातीचे डॅमसेल आपल्या शेवाळावर छोट्या झिंग्यांसारख्या जिवांच्या झुंडींना राहू देतात, त्यांच्या शत्रूंना पिटाळतात आणि झुंडीच्या विष्ठेने त्यांच्या शेताला खत मिळते, असे दिसून आले. माणसाखेरीज अन्य पृष्ठवंशीय प्राण्याने दुसरा प्राणी ‘पाळण्याचे’ हे दुर्मीळ उदाहरण मानले गेले.

शिवाय नर हा अंड्यांचा राखणदार असतो. मादी खडकावर अंडी चिकटवून जाते आणि नर काही दिवस पंखांनी त्यांवर वारा घालत पहारा देतो. या काळात जवळ येणारा प्रत्येक जीव त्याला चोर वाटतो.

हाच स्वभाव ९० सेंटिमीटर लांबीच्या काचेत आला की पहिला सोडलेला डॅमसेल संपूर्ण टाकीच आपली समजतो. नंतर येणाऱ्या माशाला पळून जायला जागा नसते. फाटलेले पर, कोपऱ्यात बसणे, खाणे सोडणे आणि मृत्यू, असा क्रम दिसतो. तो ‘आजार’ समजून औषधे घातली जातात. त्यामुळे अनुभवी लोक डॅमसेल पहिला न सोडता शेवटी सोडतात. आधीच्या माशांनी आपापले कोपरे धरलेले असतात. नवा मासा सोडताना दगडांची मांडणी बदलली तर जुन्या हद्दी पुसल्या जातात, हीसुद्धा उपयोगी पडणारी युक्ती. छोट्या टाकीत एकच डॅमसेल ठेवणे आणि तो यलोटेल असणे, हा त्यातल्या त्यात सुरक्षित मार्ग. तीन पट्ट्यांचा आणि डोमिनो हे दोन प्रकार मिश्र टाकीत टाळलेलेच बरे.

पाणी, मीठ, वीज : घरचा हिशेब कसा जमतो?

समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. स्वयंपाकाचे मीठ चालत नाही. समुद्राच्या पाण्यात मिठाशिवाय मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, बायकार्बोनेट असे बरेच काही असते. त्यासाठी तयार सागरी मीठ मिळते. १०० लिटरच्या टाकीला सुरुवातीला साडेतीन ते चार किलो आणि दर आठवड्याला १० लिटर पाणी बदलले तर महिन्याला साधारण दीड किलो मीठ लागते. पाणी आरओचे असावे. नळाच्या पाण्यातील क्लोरिन माशांना आणि जिवाणूंना दोघांनाही मारते.

मुंबईत समुद्र जवळ असताना तिथले पाणी का आणू नये, असा प्रश्न हमखास विचारला जातो. किनाऱ्यालगतच्या पाण्यात सांडपाणी आणि तेल मिसळलेले असते. पावसाळ्यात नद्या-नाल्यांच्या पाण्याने त्याचा खारेपणाही घसरतो. त्यामुळे ते भरवशाचे नाही.

नवशिक्यांची एक चूक गणिताने चटकन कळते. टाकीतून दिवसाला साधारण एक लिटर पाण्याची वाफ होते असे धरू. वाफ होते ती पाण्याची, मीठ मागेच राहते. ही तूट गोड्या आरओ पाण्याने भरायची असते. ती खाऱ्या पाण्याने भरली तर रोज ३५ ग्रॅम, म्हणजे महिन्यात एक किलोहून जास्त क्षार वाढतात आणि १०० लिटरच्या टाकीत लिटरमागचे प्रमाण ३५ वरून ४५ ग्रॅमच्या पुढे जाते. त्यासाठी मीठ मोजण्याचे साधन हवे. स्वस्त तरंगत्या काट्यापेक्षा रिफ्रॅक्टोमीटर अधिक विश्वासार्ह.

आता वीज. पाणी फिरवणारा वेव्हमेकर १० वॅट, फिल्टरचा पंप १५ वॅट, फेस काढणारा स्किमर १० वॅट ही उपकरणे २४ तास आणि ५० वॅटचा दिवा आठ तास धरला, तर रोजची साधारण सव्वा युनिट, महिन्याची ३७ ते ३८ युनिट वीज लागते. माशांना २४ ते २७ अंश तापमान मानवते. एप्रिल-मेमध्ये नागपूर, जळगावच नव्हे तर मुंबई-ठाण्यातल्या बंद फ्लॅटमध्येही पाणी ३० अंशांच्या वर जाते. मग चिलर लागतो. २०० वॅटचा चिलर रोज दहा तास चालला तर महिन्याला आणखी ६० युनिट. युनिटला दहा रुपये दर धरला तर उन्हाळ्यातले बिल महिन्याला हजार रुपयांच्या आसपास जाते. हा खर्च एकदाच होणारा नाही आणि तो एका डॅमसेलच्या किमतीपेक्षा मोठा आहे. भारनियमन असलेल्या गावात तर बॅटरीवर चालणारा एअर पंप नसेल तर टाकी लावूच नये.

आणखी एक हिशेब वजनाचा. १०० लिटर खारे पाणी, काच, दगड, वाळू आणि स्टँड मिळून दीडशे किलोपेक्षा जास्त वजन एका छोट्या जागेवर येते. निवासी खोलीच्या स्लॅबसाठी भारतीय मानकांत प्रति चौरस मीटर सुमारे २०० किलो भार गृहीत धरलेला असतो. तो संपूर्ण खोलीवर पसरलेला असतो, त्यामुळे एवढ्या टाकीने सहसा धोका होत नाही. तरीही टाकी खोलीच्या मध्यभागी न ठेवता भिंतीलगत, तुळईजवळ ठेवणे शहाणपणाचे. जुन्या चाळीत किंवा बाल्कनीच्या बाहेर आलेल्या भागावर ती ठेवू नये.

आजार कसा येतो?

बहुतेक वेळा नव्या माशाबरोबर. अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसणारा ‘मरीन इच’ हा परजीवीचा आजार सर्वांत परिचित. या परजीवीच्या जीवनचक्राचा काही भाग माशाच्या अंगाबाहेर, वाळूत आणि दगडांवर जातो. त्यामुळे ठिपके गेले म्हणजे रोग गेला, असे होत नाही. काही दिवसांनी तो दुप्पट जोमाने परततो. तांब्याचे औषध परजीवीवर चालते, पण ते मुख्य टाकीत घातले तर कोळंबी, शंख, खेकडे यांसारखे जीव मरतात.

उपाय साधा आहे आणि म्हणूनच टाळला जातो. नवा मासा तीन-चार आठवडे वेगळ्या, साध्या टाकीत ठेवायचा, निरीक्षण करायचे आणि मगच मुख्य टाकीत सोडायचा. ग्रीन क्रोमिसच्या बाबतीत हे विशेष महत्त्वाचे. घोळक्याने आणलेल्या क्रोमिसांच्या अंगावर लाल चट्टे पडून ते एकामागोमाग मरण्याचे प्रकार वारंवार घडतात.

हे मासे येतात कुठून?

गोड्या पाण्यातले शोभेचे मासे बहुतांशी शेततळ्यांत आणि हॅचरीत वाढवलेले असतात. समुद्री माशांचे चित्र नेमके उलटे आहे. ते बहुतांशी थेट प्रवाळांवरून पकडलेले असतात. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाशी संलग्न संस्थेने २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, जगात दरवर्षी दोन ते २.४ कोटी समुद्री शोभेच्या माशांचा व्यापार होत होता आणि त्यात जवळपास निम्मे मासे डॅमसेल कुळातले होते. आकडे जुने असले तरी व्यापाराचे स्वरूप त्यातून कळते. सर्वांत स्वस्त मासाच सर्वाधिक संख्येने पकडला जातो.

भारतात येणारे अनेक मासे इंडोनेशियासारख्या देशांतून येतात, तर काही मन्नारच्या आखातासारख्या भारतीय भागांतून पकडले जातात. पकडणारा, गोळा करणारा, निर्यातदार, आयातदार, घाऊक व्यापारी आणि दुकान अशा टप्प्यांतून मासा घरी पोहोचतो. प्रत्येक टप्प्यावर प्लास्टिकची नवी पिशवी, नवे पाणी आणि उपास.

यात सायनाइडचा प्रश्न आहे. प्रवाळाच्या फटीत सायनाइडचे द्रावण फवारून मासे बधिर करून पकडण्याची पद्धत १९६० च्या दशकात फिलिपिन्समध्ये सुरू झाली आणि पुढे शेजारी देशांत पसरली. ती बेकायदा असली तरी थांबलेली नाही. त्याने आजूबाजूचे प्रवाळ मरतात. पकडलेला मासा वरवर ठणठणीत दिसतो आणि काही आठवड्यांनी खात-पीत असतानाच मरू शकतो. घरी पाळणारा आपले काय चुकले ते शोधत बसतो. चूक कित्येकदा हजारो किलोमीटर दूर झालेली असते.

मग डॅमसेलची पैदास का होत नाही?

होते, आणि भारतातही झाली आहे. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनफिशबरोबरच डोमिनो, तीन पट्ट्यांचा आणि ब्लू डॅमसेल यांच्यासह अनेक जातींची बंदिस्त टाक्यांत पैदास करून दाखवली आहे. अडचण तंत्रापेक्षा अर्थकारणाची आहे.

क्लाउनफिशची पिल्ले अंड्यातून बाहेर येतात तेव्हा तुलनेने मोठी असतात आणि सहज वाढवता येणारे सूक्ष्मजीव खाऊ शकतात. डॅमसेलची पिल्ले कितीतरी लहान, त्यांचे तोंड त्याहून बारीक. त्यांना कोपेपॉड नावाच्या सूक्ष्म जिवांची अगदी बाल्यावस्थेतील पिल्ले लागतात आणि ती मोठ्या प्रमाणात वाढवणे कष्टाचे व खर्चाचे आहे. एवढे करून तयार झालेला मासा काही शे रुपयांनाच विकला जाणार असेल, तर जाळ्याने पकडलेल्या माशापुढे त्याचा टिकाव लागत नाही. म्हणून क्लाउनफिश हॅचरीतला मिळतो आणि डॅमसेल समुद्रातला.

महाराष्ट्रात कांदळवन प्रतिष्ठानने ऐरोली येथील किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरोच्या साह्याने शोभिवंत सागरी माशांची हॅचरी उभारली. तिथेही भर क्लाउनफिशवर आहे. पहिल्यांदा खारी टाकी लावणाऱ्यासाठी यात एक व्यावहारिक धडा आहे. थोडे जास्त पैसे देऊन हॅचरीत जन्मलेली क्लाउनफिशची जोडी घेतली तर मासा टाकीच्या वातावरणाला सरावलेला असतो, कोरडे खाद्य खातो आणि प्रवाळावरचा एक मासा कमी पकडला जातो.

कायदा काय सांगतो?

दुकानात नेहमी मिळणाऱ्या डॅमसेलच्या जाती वन्यजीव संरक्षण कायद्याच्या संरक्षित यादीत नाहीत. त्यामुळे मासा पाळण्यावर बंदी नाही. कायद्याचा प्रश्न येतो तो माशाबरोबर विकल्या जाणाऱ्या सजावटीमुळे. प्रवाळ बांधणारे सर्व कठीण प्रवाळ, समुद्रपंखे, समुद्रघोडे आणि समुद्रकाकड्या यांना संरक्षण आहे. भारतीय समुद्रातून काढलेला, जिवंत प्रवाळ असलेला ‘लाइव्ह रॉक’ घरात ठेवणे हा गुन्हा ठरू शकतो. अनुसूची एकमधील प्रजातींबाबतच्या गुन्ह्याला तीन ते सात वर्षे कैद आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर किमान २५ हजार रुपये दंड अशी तरतूद आहे. ‘सगळेच विकतात’ हा बचाव होऊ शकत नाही. त्यामुळे माणसाने बनवलेले सिरॅमिक किंवा सिमेंटचे सच्छिद्र दगड वापरावेत. जिवाणू त्यांवरही तितकेच वाढतात.

दुकानांवर नियंत्रण आणण्याचा प्रयत्न केंद्राने मे २०१७ मध्ये केला होता. क्लाउनफिशसह १५८ जातींच्या विक्री व प्रदर्शनावर निर्बंध घालणारे नियम तेव्हा अधिसूचित झाले. मत्स्यव्यावसायिकांच्या विरोधानंतर ते मागे घेण्यात आले. परिणामी मासा कुठून आला, कसा पकडला, दुकानात किती दिवस आहे, हे गिऱ्हाइकाला सांगण्याची प्रभावी सक्ती आज दिसत नाही.

कोकणच्या खडपातून स्वतः पकडून आणले तर?

ओहोटीच्या वेळी मालवण, रत्नागिरी भागात खडपातल्या डबक्यांत पिवळसर अंगावर काळे उभे पट्टे असलेले छोटे मासे दिसतात. ‘सार्जंट मेजर’ म्हणून ओळखले जाणारे हे मासेही डॅमसेलच. डबक्यात दोन बोटांएवढा दिसणारा हा मासा पुढे १५ ते २० सेंटिमीटरचा होतो आणि घरच्या टाकीत कुणालाच टिकू देत नाही. शिवाय १९८७ मध्ये घोषित झालेल्या मालवण सागरी अभयारण्याच्या हद्दीतून परवानगीशिवाय जीव उचलणे हा गुन्हा आहे.

उलट दिशेची चूक त्याहून गंभीर. टाकी झेपेनाशी झाली की ‘समुद्रातला मासा समुद्रातच सोडू’ असा विचार येतो. हा मासा बहुधा इथल्या समुद्रातला नसतो आणि त्याच्याबरोबर परका परजीवीही जातो. हिंदी आणि प्रशांत महासागरातला लायनफिश १९८० च्या दशकात फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर आढळला. तो शौकिनांच्या टाक्यांतूनच तिथे पोहोचला असे मानले जाते. आज अटलांटिकच्या पश्चिम किनाऱ्यावर आणि कॅरिबियनमध्ये स्थानिक माशांना त्याचा मोठा उपद्रव आहे. नको असलेला मासा दुकानाला परत द्यावा किंवा दुसऱ्या पाळणाऱ्याला द्यावा.

मग डॅमसेल पाळायचा की नाही?

पाळता येतो, मात्र क्रम बदलावा लागतो. आधी टाकी, मग दीड महिना थांबणे, मग चाचणी आणि शेवटी मासा. दुकानात मासा निवडताना तो आपल्यासमोर खातो का, श्वास संथ आहे का, पर फाटलेले नाहीत ना आणि तो किमान आठवडाभर दुकानात आहे का, हे विचारावे. ‘आजच माल आलाय’ हे भाजीच्या बाबतीत चांगले लक्षण असते, समुद्री माशाच्या बाबतीत नाही. घरी आणल्यावर पिशवी टाकीत तरंगत ठेवून तापमान जुळवावे, थोडे थोडे टाकीचे पाणी पिशवीत घालावे आणि पिशवीतले पाणी टाकीत न ओतता मासा जाळीने उचलून सोडावा. दिवसातून एक-दोनदा, दोन मिनिटांत संपेल एवढेच खाद्य पुरेसे.

आणि ज्याला एवढे थांबणे, मोजणे आणि दरमहा खर्च करणे शक्य नाही, त्याच्यासाठी गोड्या पाण्यातील गप्पी किंवा मॉली हा कमीपणाचा पर्याय नाही. हॅचरीत जन्मलेले ते मासे घरच्या टाकीसाठी अधिक योग्य आहेत. डॅमसेल स्वस्त आहे, कारण प्रवाळाचे नुकसान, वाटेतले मृत्यू आणि टाकीत वाया गेलेले जीव त्याच्या किमतीत धरलेले नसतात. ते धरले, तर दुकानातल्या सर्वांत स्वस्त काचेतला हा निळा मासा तितका स्वस्त राहत नाही.